थोडं अलीकडे

सातपूरच्या कंपनीत बाबा दिवसभर
मायक्रोमीटरवर शतांश मिलिमीटर मोजायचे,
आणि सुटी झाली की बसायचे अशा सायकलवर
जिच्या गिअरच्या दांडीवर एकही खूण नव्हती.

खालच्या नळीवर, गुडघ्याजवळ,
कानाच्या पाळीएवढी दांडी.
कुठे थांबायचं ते ती सांगत नसे.
साखळी कुरकुरली तर थोडं अलीकडे,
खरखरली तर किंचित पलीकडे,
मग एकाएकी खालून सगळं गप्प.
"आली जागेवर."

सहावीत त्र्यंबक रोडला
पहिल्यांदा ती माझ्या हातात आली.
पपया नर्सरीपर्यंत करकर, करकर.
दूधवालासुद्धा मान वळवून हसला.
बाबा म्हणाले, आधी पायातला जोर सोड, मग सरकव.
दाबून धरशील तर दात पकडणार नाहीत.

माझी नवी सायकल टिक करते.
एक टिक, एक चकती.
बाबांनी दुकानातच सात वेळा वाजवून पाहिली.
"कार्ड पंच केल्यासारखं वाटतं," म्हणाले.
हे कौतुक होतं का, कळलं नाही.

पेठ रोडला, सावळघाटात,
ती टिक करायची
आणि साखळी दोन चकत्यांच्या मध्येच लटकायची.
वायर केसभर ताणली होती, बस.
टिक खरी, गिअर खोटा.
बाबा कुरकुर ऐकत, दांडी चाचपत वर गेले
आणि वळणावर भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले.
मी पोचल्यावर मागचा बारका नट
त्यांनी पाव फेरा फिरवला.
बोलले काहीच नाहीत.
त्याचाच राग आला मला.

हे जानेवारीपर्यंतचं.
आता उजव्या हाताच्या बोटांना
चहाचा पेलासुद्धा उशिरा कळतो.

भद्रकालीत कौसर अत्तारकडे
मी त्यांची सायकल नेली, टिकवाली दांडी बसवायला.
मागच्या चकत्याही बदलाव्या लागतील, तो म्हणाला.
बदल, म्हटलं.
जुनी दांडी त्याने फडक्यावर पुसून ठेवली.
बाबांनी ती डाव्या हाताने उचलली, खिशात टाकली.

रविवारी, आनंदवलीच्या पुढे, रस्ता मोकळा.
टिक.
ते पाय मारायचे थांबले,
अंगठ्याने दांडी परत चाचपली,
थोडं अलीकडे, किंचित पलीकडे,
जिथे आता मधली जागाच नव्हती.
"लागला का गं?"

लागला, म्हटलं.
घासत होता, जरासा.
रात्री ते झोपल्यावर जिन्याखाली
मी तो नट पाव फेरा फिरवला.