सात अंश आधी

इब्रीच्या सनैयात आठ वाजताच पाने इतके तापतात
की धरवत नाहीत. म्हणून ते रात्रभर डिझेलच्या डब्यात,
डबा बाकाखाली, सावलीला.

खल्फान त्याआधी येतो, फज्रनंतर लगेच,
चौऱ्याऐंशीची लँड क्रूझर घेऊन, वाळूच्या रंगाची;
मूळ रंग कुठला ते त्यालाही आठवत नाही.
त्याच्या अरबीत 'प' नाही,
त्यामुळे मी परशराम नाही, बरशराम,
पेट्रोल बत्रोल,
आणि चढाला लागली की गाडी करते तो आवाज
त्याने मूठ हलवून दाखवला:
डब्यात खडे.

मी मान डोलावली.
तो आवाज मला ऐकू येईनासा होऊन
दोन वर्षं झाली.
हे ठाऊक फक्त टेकबहादूरला.

इंजिन आधी तापू द्यायचं. थंड इंजिन खोटं बोलतं.
पॉइंटमध्ये फीलरची पत्ती घालायची,
जाताना नुसती चिकटल्यासारखी वाटली की पुरे.
व्हॅक्यूमची नळी काढून तिच्या तोंडात जुना स्क्रू.
दिव्याचा चिमटा एक नंबरच्या वायरीला,
आणि बेलहाउसिंगच्या खिडकीला डोळा.

आत चाक भन्नाट फिरत असतं.
पण दिवा एक नंबरच्या ठिणगीलाच लुकलुकतो
म्हणून ते उभं दिसतं,
आणि त्यात एक पोलादी गोळी, साबुदाण्याएवढी.
जपानात कुणीतरी ती ठोकून बसवली
त्या वर्षी मी लांज्याला
दहावी नापास झालो होतो.

गोळी काट्यावर यायला हवी.
ती अलीकडेच अडकलेली, तेरा अंशांवर.
खल्फानच्या पोराने, गाडी जास्त पळावी म्हणून,
डिस्ट्रिब्यूटर फिरवून ठेवलेला.
दट्ट्या अजून चढतोय आणि वर आग तयार.
मग खडे वाजणारच.

सात अंश आधी. जास्त नाही, कमी नाही.
माथ्यावर पोचून पेटवायला गेलास तर उशीर झालेला असतो,
पेटायलाही वेळ लागतो,
असं उस्ताद म्हणायचा.
मी बरीच वर्षं त्यात काहीबाही अर्थ शोधला.
तो इंजिनाबद्दलच बोलत होता.

बाराचा बोल्ट सैल.
डिस्ट्रिब्यूटर दोन्ही हातांत, रोटर फिरतो त्याच अंगाला,
केसभर.
अजून केसभर.
गोळी सरकत आली, बसली.
बोल्ट घट्ट, आणि पुन्हा बघ,
घट्ट करताना हलतंच ते.

राहिलं आयडल. इथे कान लागतो.
मी एअर फिल्टरवर चहाचा पेला ठेवतो, स्टीलचा, अर्धा भरलेला.
मिक्श्चरचा स्क्रू आत, चहावर काटा उभा राहतो;
बाहेर, मोठी ढोबळ वर्तुळं.
मध्ये कुठेतरी एक जागा आहे
जिथे नुसती साय हलते.
टॅकोवर साडेसहाशे. तिकडून टेकबहादूर बोट वर करतो:
बस्स.

बॉनेट लावलं. निघालो डोंगराकडच्या चढाला.
खल्फान चालवतोय, मी शेजारी, पोरगा मागे.
दुसऱ्या गिअरात, पाय दाबून, अर्ध्या चढावर
खल्फानने विचारलं, "आता? खडे वाजतात?"
"नाही," मी म्हणालो,
हात डॅशबोर्डवर टेकवून, उस्तादासारखा,
"साफ. एकदम साफ."

मागे टेकबहादूर खाकरला.
खल्फानने गाडी कडेला घेतली.
उतरला, बॉनेट उघडलं,
आणि बॅटरीशेजारून काढला माझा पेला.
मीच सरकवून विसरलेला.
चहा सगळा सांडलेला.
अख्ख्या चढभर तो वाजत आला होता,
देवळातल्या घंटेसारखा, पोरगा नंतर म्हणाला.

खल्फानने पेल्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.
दिशदाशाच्या टोकाने पेला पुसून
माझ्या हातात दिला.
इंजिन चालूच होतं. त्यावर तळवा ठेवून म्हणाला,
"ठीक आहे ही."

पैसे दिले, वर खजुराचा डबा.
त्यानंतर तो आला की
माझ्या समोर येऊन उभा राहतो
आणि मगच बोलतो.