भांगाचे दिवस

लीड्सहून प्रुफं आली, एकशे बारा पानं,
आणि माझे तेवढे शब्द एका अंगावर कललेले.
रापण. खाजण. तांडेल. मतलई.
बाकी ओळ ताठ, इस्त्रीची,
मधेच हे,
रांगेतून ओढून बाजूला उभे केल्यासारखे,
कागदपत्रं तपासायला.

समासात विनिफ्रेडबाईंची लाल शाई,
प्रश्न अगदी सौजन्याचे:
मतलई म्हणजे जमिनीवरून येणारा वारा ना?
मग तेवढंच लिहू या का?
आणि पान एकेचाळीस, भांगाचे दिवस:
शब्दकोशात पाहिलं.
तिथले मच्छीमार महिन्यातून दोनदा
सलग तीन दिवस नशेत असतात?
संदर्भ द्यावा.

मी हसले. मग हसू राहिलं नाही.
अष्टमीला समुद्र कसा अर्ध्यावर अडतो,
ना धड येतो, ना धड जातो,
पाण्याला ओढच नसते, डोल रिकामी लोंबते,
हे कंसात घालायला बसले.
कंस उघडला, मिटायचा राहिला,
आणि अर्धं पान त्यात गेलं.

दुसऱ्या दिवशी कागद घेऊन तांबळडेगच्या पुळणीवर.
सगुण मिठबावकर दोर सुकवत होते,
नायलॉनचा, निळा. काथ्याचा गेला त्यांच्या बापाबरोबर.
शेजारी इंजान उघडं पडलेलं, डिझेलचा वास.
इंजान, डिझेल, नायलॉन, लायसन,
त्यांच्या तोंडात सगळे सरळ उभे,
तुम्ही कुठले म्हणून कुणी विचारलं नाही.
लायसन तर रागात शिवीलाही चालतं.

त्यांनी पान हात लांब करून धरलं.
इंग्रजी येत नाही; वाकडं-सरळ कळतं.
"ही अक्षरां कलांडली कित्याक? वारो लागलो?"
म्हटलं, हे आपले शब्द. परके म्हणून तिरपे.
"परके कोणाक?"
याचं उत्तर माझ्याकडे होतं,
पण ते इंग्रजीत होतं.

वाटलं, आता चिडतील.
खरं तर तेच ऐकायला गेले होते,
राग उसना मिळाला तर पत्रात घालायला.
ते रापण या शब्दावर अंगठा ठेवून बसले,
मासा ताजा आहे का बघतात तसा.
"पयल्यांदा होडयेत पाय ठेवलो की
माणूस कलांडताच गो.
मगे उभो रवता."
आणि पुन्हा दोराकडे वळले.

रात्री बसले.
पहिली रापण तिरपी ठेवली.
दुसरीपासून सरळ केली, त्रेसष्ट ठिकाणी,
एकेक, मनगट भरून येईस्तोवर.
मतलईपुढे एक वाक्य वाढवलं:
पहाटे पाठीवर लागतो,
चुलीचा धूर आणि गोठ्याचा वास घेऊन,
आणि होड्या वल्ह्याशिवाय निघतात.
तांडेलाचं काय करायचं ते अजून कळलेलं नाही.

भांगाजवळ कंस खोडला.
समासात लिहिलं, नशेत नाहीत.
समुद्र थांबलेला असतो.

चौथ्या दिवशी उत्तर आलं.
पान एकेचाळीस मान्य.
खाली, शाई लाल नव्हती, पेन्सिल होती:
यातला भ कसा म्हणायचा?
सकाळपासून प्रयत्न करते आहे.
मांजर कपाटाखाली गेलंय.