रोवळीचा जबाब

ठाणे कोर्टासमोर माझं टेबल आहे.
छत्री, संगणक, आणि ऊन चढलं की रुसणारा प्रिंटर.
भाडेकरार, वारस दाखले, नावातल्या चुका,
पानाला तीस रुपये.
लोकांचं म्हणणं मी कोर्टाच्या मराठीत बसवून देतो:
'मी'चा अर्जदार होतो, 'तो'चा सामनेवाला.

त्या दिवशी बुरूडकाम करणाऱ्या बायका आल्या,
कळव्याच्या पुलाखालच्या, एकोणीस जणी.
ठकूबाई वडतिल्यांनी नोटीस पुढे केली,
घडी इतक्या वेळा मोडलेली
की मधल्या ओळीला भोक पडलेलं.

कंपनीचं म्हणणं, 'रोवळी' हा शब्द तिचा आहे.
तिची रोवळी प्लास्टिकची, आंबारंगी,
मॉलमध्ये सातशे नव्व्याण्णव,
नावाच्या खांद्यावर बारीक वर्तुळ
आणि वर्तुळात एक इंग्रजी अक्षर.
आपण हा शब्द पाटीवर लिहू नये.
लिहिलेल्या पाट्या सात दिवसांत नष्ट कराव्यात,
केल्याचे फोटो पाठवावेत.

'मग तिला म्हणायचं काय?' सुरंगा म्हणाली,
'गळकी टोपली?'

ठकूबाई त्या वर्तुळाकडेच बघत होत्या.
'हे तर बूड आहे,' म्हणाल्या.
'मधे उभ्याआडव्या कामट्या, भोवती फेरा.
पण एकच फेरा घालून सोडलंय हो.
निसटेल.'
हे मी जबाबात घातलं नाही.
घालायला हवं होतं.

पुरावा हवा होता, शब्द आधीपासून वापरल्याचा.
पावती, बिल, छापील काहीही.
रोवळीचं बिल आजवर कुणी मागितलंय?
चार पिढ्या, आणि कागद म्हणावा असा एक नाही.
होता तो बांबू,
आणि जुना झाला की तो चुलीत जातो.

बातमी नौपाड्यात पोचली,
सूप घ्यायला आलेल्या कुणाच्या तरी तोंडून.
आठव्या दिवशी कुमुद खांबेटे आल्या, वय ब्याऐंशी,
रिक्षा थांबवून ठेवलेली.
पर्समधून काढली सासूबाईंच्या लग्नाची यादी.
शके अठराशे छप्पन्न, शाई तपकिरी झालेली:
सुपे दोन, परड्या चार, रोवळी एक,
बुरूडाकडून, सात आणे.

रोवळी एक.
मी पुन्हा मोठ्याने वाचलं.

'कुणाच्या हातची, ते लिहिलंय?' ठकूबाईंनी विचारलं.
कुमुदताईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
सोनाराचं नाव होतं, भटजींचं होतं,
घोडेवाल्याचंसुद्धा होतं.

मग याद्या येतच राहिल्या.
मुंजींच्या, डोहाळजेवणाच्या,
एका वाण्याच्या वहीतलं उंदराने कुरतडलेलं पान.
एकतीस कागद जोडले.
शेवटी म्हटलं, आता नावं. पूर्ण लिहा, आडनावासकट.
सात जणींनी अंगठा दिला.
अंगठ्यांवर चिरा इतक्या
की ठसे उमटले कामट्या पसरल्यासारखे.

चार महिन्यांनी उत्तर आलं, दीड ओळ:
'आमचा कोणताही हक्क न सोडता
सध्या ही बाब पुढे न नेण्याचे ठरविले आहे.'
'म्हणजे जिंकलो?'
मी 'सध्या'वर बोट ठेवलं.
'तांदूळ धुऊन झाले,' ठकूबाई म्हणाल्या,
'खडे बघायचे राहिलेत.'

पैसे मी नको म्हटले, त्यांनी ऐकलं नाही.
पानाला तीस, मोजून, आणि वर एक रोवळी.
तिच्यात मी टाचण्या ठेवतो.
बारीक असतात त्या गळून जातात.

परवा पुलाखालून जात होतो.
पाटी परत लागलीय, खडूने लिहिलेली:
रोवळी मिळेल.
आणि खाली, नवीन ओळ, अक्षर सुरंगाचं:
ठकूबाई वडतिले यांच्या हातची.

एका गाडीची काच खाली झाली.
'केवढ्याला?'
'दीडशे.'
'शंभरला द्या, दोन घेते.'
ठकूबाईंनी मान वर केली नाही.
बुडाचा तिसरा फेरा चालू होता.