सहा, एक, चार आणि सात

पितळी पट्टी आधी साबणाच्या पाण्यानं पुसली,
मग व्हिनेगरनं, मग थुंकी लावून अंगठ्यानं.
सहा, एक, चार,
पुढचा आकडा कुणीतरी छिन्नीनं उडवलेला,
मग सात.
एवढ्या पत्त्यावर माणूस सापडत नाही.
इंजिन त्या मानानं सोपं.

फाटक अडवायला ठेवलं होतं ते, एका बकऱ्यांच्या गोठ्यात.
तीन अश्वशक्ती, दोन फ्लायव्हील,
दट्ट्या असा धरलेला की जणू श्वास रोखून बसलाय.
गुरांच्या खाद्याच्या दुकानातून काकवी आणली,
पाण्यात कालवून पिंपात सात आठवडे बुडवलं.
गंज सुटतो त्यानं. शेजाऱ्यांना वाटलं मी दारू गाळते.
सत्तावीस वर्षं शाळेत धातुकाम शिकवल्यावर
लोक बाईबद्दल काहीही मानायला तयार असतात.

त्याआधी, रंग खरवडताना:
वर रुपेरी, कुणा हौशीनं फासलेला,
खाली निळा, लोक मागल्या दारांना देतात तो,
त्याखाली पिवळट पापुद्रा,
जो रंग नव्हताच.
नखानं उकरून नाकाशी नेला. गंधक.
चुना आणि गंधक. म्हणजे फवारणीचा पंप.
म्हणजे सफरचंदं. म्हणजे ह्युऑनचं खोरं,
माझ्या घरापासून चाळीस मिनिटं.

होबार्टच्या एजंटाची विक्रीवही एका तळघरात निघाली.
एकवीस सालच्या ऑगस्टात अशी दोन गेली तिकडे:
एक सिग्नेटच्या लोहाराला, रोखीनं,
एक फ्रँकलिनच्या एबेनेझर वुलनॉला, हप्त्यांवर,
शेवटचा हप्ता स्टर्मर जातीच्या नव्वद पेट्या.
लोहाराचं त्याच्या नातवानं भंगारात विकलं,
तसं तो स्वतःच म्हणाला, मान खाली घालून.
उरलं ते हे.

थर्झा वुलनॉ, वय एक्याण्णव, फोनवर म्हणाली:
"नाही बाई. आमच्याकडे घोडा होता."
आणि फोन ठेवला.

मी तरी गेले. ट्रेलर तिच्या खिडकीखाली लावला,
फ्लायव्हीलला हिसका दिला.
ठक्.
फस् फस् फस् फस् फस्.
ठक्.

खिडकी उघडली.
"करवत लाकडात नाहीये," ती म्हणाली.

मग सांगितलं. हिवाळ्यात फवारणी,
उरलेल्या दिवसांत पेट्यांच्या फळ्या कापायच्या.
करवत लाकडात असली की ठक ठक ठक ठक,
सोडली की मधे नुसते फेरे, फसफस.
आई चुलीपाशी मोजायची.
फसफस सहाच्या वर गेली
की बटाटे उकळत टाकायची.
माणसं हात धुवून येईतो शिजलेले.
हाक मारल्याचं आठवत नाही, म्हणाली,
आमच्या घरात कुणी कुणाला हाक मारली नाही.

छत्तीस ते सत्तेचाळीस विचारलं.
पाण्याच्या हौदाच्या आतल्या अंगाला
खिळ्यानं ओढलेल्या चौदा रेघा दाखवल्या,
तेराव्वी अर्धीच, चौदावी खोल.
तिनं बोट फिरवलं,
एकेक, जसं कुणी बटणं लावतं.
"हेडलीच्या असतील," म्हणाली.
हेडली कोण ते मी विचारलं.
तिनं चहा ठेवला.

सरकारनं पैसे देऊन झाडं उपटायला लावली
त्या वर्षी बाग गेली, हे वहीत आहे.
इंजिन कुणी नेलं, हे नाही.
आकडा कुणी उडवला, हेही नाही.

प्रदर्शनात मांडायच्या पुठ्ठ्यावर इतिहास लिहायचा असतो.
मी लिहिलं: फवारणी, करवत, फाटक.
मधे दोन बोटं जागा कोरी सोडली.
सगळं हिरवं रंगवलं, मूळ हिरवा,
हौद मात्र आतून उघडा ठेवला.
एक परीक्षक म्हणाला, रंग राहिला वाटतं.
हो म्हटलं. तिसरा नंबर मिळाला.

थर्झाला पुतण्यानं खुर्चीतून आणलं होतं.
पट्टा नाही, पंप नाही, इंजिन कशालाच जुंपलेलं नाही.
ठक्, आणि मग नुसते फेरे.
ती ओठांत मोजत होती.
नऊ. दहा. अकरा.
माझ्याकडे वळून म्हणाली,
"बटाट्यांचा तर लगदा झाला असेल."