टक्

अठरा हप्त्यांवर घेतलाय नवा. दोन फिटले.
जुना कपाटात, प्लास्टिकच्या डब्यात,
तांदळाच्या पुरचुंडीसोबत.
ओल तांदूळ ओढून घेतो, म्हणाले इक्बालभाई,
जे लक्ष्मीपुरीत एके काळी कॅमेरे उघडायचे
आणि आता मोबाईलच्या काचा बदलतात.
त्यांनीच दाखवला होता जुन्याच्या पोटातला आरसा.
"पोरी, दर फोटोला हा उठून उभा राहतो,
पाहुणा आला की घरातला म्हातारा उठतो तसा.
दोन लाख वेळा उठलाय. गुडघे गेलेत त्याचे."

नव्यात आरसाच नाही.
कुणी उठत नाही, कुणी बसत नाही.

खरं सांगायचं तर नवा चांगला आहे.
हे कबूल करायला मला एक लग्नसराई लागली.
कागलच्या हॉलमध्ये, एकीकडं निळी ट्यूब, एकीकडं पिवळा हॅलोजन,
नवरीच्या पापणीवर तो असा जाऊन बसतो
की मामी मधे आली तरी हलत नाही.
उजेड किती, काळोख किती, आधीच दिसतं.
जुन्यात हे सगळं अंदाजानं, मिठासारखं.
पण दुपार झाली की नव्याला भूक लागते,
चार बॅटऱ्या घेऊन हिंडते मी;
जुना एका जेवणावर दोन लग्नं काढायचा.

जुन्यातनं रंकाळा बघितला की ते पाणीच असायचं,
काचेतनं, आरशावरनं, वळसे घेत आलेलं,
पण तेच ऊन.
नवा म्हणजे डोळ्याला लावलेला टीव्ही.
बारकासा, झकास टीव्ही. रंकाळ्याचं थेट प्रक्षेपण.

मात्र एक गोष्ट जुन्यानं मला कधीच दाखवली नाही:
ज्या क्षणाचा फोटो निघाला, तो क्षण.
आरसा वर गेला की अंधार.
अकरा वर्षं, प्रत्येक हार गळ्यात पडताना
मी काळं बघितलंय.
आक्काच्या लग्नातसुद्धा.

परवा तालमीत गेले. ज्योतिराम वस्तादांची पंच्याहत्तरी,
चौकात डिजिटल फलक लागणार, फोटो पाहिजे.
हौदाच्या मातीत मी पाय ठेवला नाही, कुणी सांगायच्या आधीच.
कडेवरनं, लांबच्या लेन्सनं.
फेटा, खांद्यावर गदा, दुमडून गेलेले कान.
वस्तादांनी छाती भरून श्वास घेतला आणि धरला.
मी दाबलं. सात फोटो आले.
तांबडी माती, झरोक्यातली तिरीप, सगळं.
वस्ताद तसेच.
मी कॅमेरा खाली घेतला. वस्ताद तसेच.
मानेची शीर टरारलेली,
बारकी पोरं जोर मारायची थांबलेली.
शेवटी ओठ न हलवता, "काढ की गं."
"झाला, वस्ताद."
"कशाचा झाला? आवाज न्हाई आला."

आवाज आहे. मेनूत शोधला तर सापडतो,
कुणीतरी दूर कारखान्यात भरून ठेवलेला.
पण श्वास धरलेल्या माणसाला मेनूपर्यंत कसं थांबवायचं?
मी कॅमेरा परत डोळ्याला लावला
आणि जीभ टाळूला लावून म्हणाले,
टक्.

वस्तादांनी श्वास सोडला.
खांदे उतरले, गदा कलली,
फेट्याखालनं एक थकलेला माणूस बाहेर आला
आणि लगेच पोरांवर ओरडला, "बघताय काय, मारा जोर!"
तेवढ्यात बोट दाबलं गेलं होतं माझं. मधे अंधार नव्हता.
फलकावर लागला तो छाती फुगवलेला.
हा दुसरा कुणाला दाखवला नाही.

काल गडहिंग्लजचं एक पोरगं आलं जुना बघायला.
सात हजार म्हणालं. मी नऊ म्हटलं, आठावर आलो.
"एकदा दाबून बघू का, ताई?"
दाब, म्हटलं.
तो कुठं तरी खिडकीकडं रोखत होता, उगाच जास्त वेळ,
आणि मला कळलंच नाही
मी श्वास धरून कधीपासनं उभी होते.