दहाचा पाना

ग्वाल्हेरच्या मे महिन्यात
फियाट अडली की मालूआत्या
फ्युएल पंपावर ओलं फडकं टाकायची,
तापलेल्या पोराच्या कपाळावर टाकावं तसं.
पाच मिनिटं. मग निघायची गाडी, कुरकुरत.

मारुतीला दहाचा पाना पुरायचा.
तो हरवलेलाच असायचा,
मग पक्कड आणि शिव्या.
शिव्या हिंदीत;
मराठी देवघरापर्यंत ऐकू जायची.

काल माझी नवी गाडी बंद पडली.
बॉनेटखाली काळं झाकण, गुळगुळीत,
एक स्क्रू दिसेना.
शोरूमवाला फोनवर: हात लावू नका, वॉरंटी जाईल.

आत्या आली, काठी टेकत.
झाकणावर टकटक केली, कान लावला.
"घरात आहेत," म्हणाली,
"पण दार उघडत नाहीत."
आणि आणलेल्या ओल्या फडक्यानं
काच पुसत बसली.