काठ

साडेपंचवीस हजारच तर झालेत, श्रीलता म्हणते,
कंपनीनं पंचेचाळीस सांगितले होते.
होटगी रोडला बंदेनवाजच्या पत्र्याखाली
गाडी जॅकवर,
आणि मी, ज्याला गाडीतलं काही कळत नाही,
पायजमा सावरून उकिडवा बसलो
नि चाकाच्या आतल्या बाजूला हात घातला.

बाहेरून टायर ठणठणीत.
आतला काठ विरलेला.
बोटाला कळतं हे. एकतीस वर्षं
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात चादरीचे काठ चाचपले,
डोळे मिटून सांगायचो कुठला माग ताणतोय.
इथंही काहीतरी ताणत होतं.

बंदेनवाज म्हणाला, चाचा, वजन तो देखो इसका.
पोटात बॅटरी, साडेतीन-चार क्विंटल.
पाय ठेवला की निघालीच,
इंजिनासारखं खोकणं नाही, सबुरी नाही,
सगळा जोर पहिल्याच झटक्यात रबरावर.
त्यात आपले रस्ते, निम्मे काँक्रीट, निम्मे खोदलेले,
त्यात मे, चव्वेचाळीस.
अलाइनमेंट कधी केली होती?
श्रीलता माझ्याकडे बघते. मी पत्र्याकडे.
पुढची चाकं मागं, मागची पुढं?
नाही.
हवा?
ती बार्शीचा हिशोब सांगू लागली,
सत्तर जायचे, सत्तर यायचे,
लॅब, नमुने, उशीर झाला की दाबायचं...
म्हणजे हवाही नाही.

आवाज करत नाही, हेच तर घरात कौतुक होतं गाडीचं.
आवाज नसेल तर बिघाड कळणार कसा,
असं मी पहिल्याच दिवशी म्हणालो, सगळे हसले.
मागाचं बरं होतं. ठोका चुकला की झोपेतही जाग यायची.
खरं तर महिन्यापूर्वी ती म्हणाली होती,
वैरागच्या पुढं घूंऽ असं काहीतरी येतं खालून.
वारा असेल, म्हटलं मीच.

खाचेच्या तळाशी बारीक उंचवटा असतो,
बंदेनवाजनं पेचकसाच्या टोकानं दाखवला.
रबर झिजून त्याच्या बरोबरीला आलं
की टायर संपला, मग किलोमीटर कितीही असोत.
मधे अजून तीन मिलीमीटर होतं.
आत टेकलं होतं.

पुढच्या पगारापर्यंत चालतील ना? तिनं विचारलं.
चारांचे बत्तीस हजार होत होते.

पिकर झिजलाय, मी मालकाला सांगितलं होतं,
आठवडा काढा, तो म्हणाला.
मंगळवारी धोटा उडाला.
शेजारच्या मागावर अंबादास कोंडा तुटलेला धागा जोडत होता.
उजवा डोळा.
पुढं त्याला गेटवर बसवलं, रखवालदार म्हणून,
बारा वर्षं तो एका डोळ्यानं
आमची ये-जा मोजत राहिला.
पिकर तेव्हा अठरा रुपयांना मिळायचा.
आणि जॉबर मी होतो,
माग बंद करायचा खटका माझ्याच हाताशी होता.

श्रीलताला हे कधी सांगितलं नाही.
आजही नाही.
नुसतं म्हटलं, बदल.
चारही?
चारही. निम्मे माझ्या फंडातले घे.
ती काहीतरी बोलणार होती,
तेवढ्यात बंदेनवाजनं मशीन चालू केलं.

नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात,
मला माहीत नव्हतं.
सुटे धागे वाटले,
चादरीची घडी घालण्याआधी काढतात तसले.
चाक बसवून होईपर्यंत
बोटांनी आपापलं काम सुरू केलं होतं.

नान्ना, ते तसेच असतात, ती म्हणाली,
आपोआप जातात.
जाऊ देत की, म्हटलं,
आणि दुसऱ्या चाकाकडे सरकलो,
काठाकडून.